दुर्वासांचा आश्रम

पस्तीस वर्षे मी शाळेत शिकवले. त्यांतली शेवटची काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर काढली. त्या खुर्चीवरून मुलांच्या कितीतरी लबाड्या मी पकडल्या आणि 'झालेली चूक आपण होऊन सांगावी', हे वाक्य शेकडो वेळा उच्चारले. परंतु ते वाक्य आचरणात आणणे किती जड जाते, हे मला कळले ते सेवानिवृत्त झाल्यावर, परक्या देशात आणि तेही एका वीतभर सरड्यामुळे. त्याचीच ही हकिकत आहे.

२०२३ साली मे महिन्यात मी ऑस्ट्रेलियात, सिडनी शहराच्या पारामट्टा भागात, माझ्या मुलाकडे गेलो. आपल्याकडे त्या वेळी अंगाची काहिली होत होती. तिकडे मात्र हिवाळा दाराशी येऊन ठेपला होता. माझा नातू तेव्हा बारा वर्षांचा होता. पोहोचलो त्याच संध्याकाळी त्याने मला आपल्या खोलीत नेले आणि हळूच सांगितले, "आजोबा, मी सरडा पाळणार आहे."

"सरडा? अरे, पोपट नाही, मांजर नाही, आणि सरडा कसला पाळतोस?" मी म्हणालो.

त्याने एक चित्र माझ्यापुढे धरले. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष, निमवाळवंटी प्रदेशात राहणारा तो प्राणी कुंपणाच्या खांबावर ऊन खात बसला होता. त्याच्या गळ्याभोवती काट्यांसारखे खवले होते. राग आला किंवा भीती वाटली, की तो गळा फुगवतो आणि गळा काळा पडतो. मग जणू काळीभोर दाढीच फुटल्यासारखी दिसते. म्हणून इंग्रजीत त्याला 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात.

"अरे, हे तर दुर्वास मुनी!" मी उद्गारलो. नातवाला ते नाव इतके आवडले, की सरडा घरी येण्याआधीच त्याचे बारसे होऊन गेले.

तिथे रानातला प्राणी मनात आले म्हणून उचलून आणता येत नाही. असा सरडा पाळायला सरकारचा परवाना लागतो. माझ्या मुलाने तो काढला. सूनबाईंनी आणखी एक अट घातली, "आधी घर, मग पाहुणा. घर नीट झालं नाही, तर पाहुणा यायचा नाही." ती अट मला फार आवडली. पुढचे दोन आठवडे आम्ही आजोबा-नातू दुर्वासांचा आश्रम उभारण्यात गढून गेलो.

सुमारे चार फूट लांबीची काचेची एक पेटी आणली. तिच्या वरच्या बाजूस जाळी होती. नातवाने मला समजावले, की या पेटीत एकच ऋतू असून चालायचे नाही. एका टोकाला उन्हाळा हवा आणि दुसऱ्या टोकाला सावली. म्हणून एका टोकाला सपाट दगड ठेवून त्याच्यावर उष्णता देणारा दिवा टांगला. त्या दगडाची उष्णता सुमारे ४० अंश राहील, असे अंतर मोजून धरले. दुसरे टोक २५ अंशांच्या आसपास ठेवले आणि तिथे लपायला एक छोटी गुहा केली. ऊब हवी तेव्हा सरड्याने दगडावर जावे, पुरे झाली की सावलीला यावे. चढायला एक वाळकी फांदीही दिली. दोन्ही टोकांना एकेक तापमापक लावला.

या दिव्याखेरीज एक लांब नळीचा दिवाही होता. "हा कशाला? उजेड तर आहेच," मी विचारले.

"हा उजेडासाठी नाही, आजोबा. उन्हात जे न दिसणारे किरण असतात, ते देण्यासाठी आहे. जंबुपार किरण," नातू म्हणाला. त्याच्या तोंडून तो मराठी शब्द ऐकून मी चकित झालो. माझ्यासाठी त्याने तो मुद्दाम शोधून ठेवला होता.

तळाला काय घालावे, यावर आमचा थोडा वाद झाला. वाळवंटाकडचा प्राणी आहे, तेव्हा वाळू घालावी, असे माझे मत होते. नातवाने मान हलवली. पिल्लू भक्ष्यावर झडप घालताना वाळूही गिळते आणि ती आतड्यात साचते, असे त्याने वाचले होते. पिल्लासाठी साधा कागद उत्तम. मी सामानात काही मराठी वर्तमानपत्रे नेली होती. तीच पेटीत अंथरली.

जूनच्या आरंभी दुर्वास आले. शेपटीसकट लांबी जेमतेम माझ्या हाताएवढी. रंग मातीसारखा. पेटीत ठेवताच ते अग्रलेखावरून सरळ चालत गेले आणि दगडावर जाऊन बसले. मी काचेजवळ तोंड नेले. तेव्हा त्यांनी एक पुढचा पाय उचलला आणि सावकाश गोल फिरवला.

"मला नमस्कार करतोय!" मी आनंदाने म्हणालो.

"नाही, आजोबा. आपल्यापेक्षा मोठा कुणी दिसला, की ते असा हात हलवतात. 'मी लहान आहे, माझ्याशी भांडू नका,' असं ते सांगणं असतं."

दुर्वासांचा आहारही ठरलेला होता. लहान रातकिडे द्यायचे, पण त्यांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा द्यायचा नाही. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. जोडीला बारीक चिरलेला हिरवा पाला. रात्री पेटीत एकही किडा राहू द्यायचा नाही, कारण निजलेल्या सरड्याला तो चावतो. नातू रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी आणि दुपारी परत आल्यावर दोन्ही तापमापक पाही आणि आकडे वहीत लिही. त्या वहीतील टापटीप पाहून माझ्यातला शिक्षक सुखावला.

आणि त्याच शिक्षकाने पुढे घोटाळा केला.

आमच्या शाळेत एक नियम होता : रिकाम्या खोलीत दिवा जळता ठेवायचा नाही. तो नियम माझ्या हाडीमासी खिळला आहे. सकाळी सगळे आपापल्या कामाला निघून जात आणि त्या खोलीत दोन-दोन दिवे दिवसभर जळत राहत. बाहेर स्वच्छ ऊन पडलेले असे. मला ते पाहवेना. मी मनाशी म्हटले, सूर्यनारायण फुकट देत असता वीज कशाला जाळावी? मी खिडकीचा पडदा सारला. काचेतून आलेले ऊन पेटीवर पडले. मी दोन्ही दिवे मालवले. तीनच्या सुमारास, नातू परतण्यापूर्वी, ते पुन्हा लावले. दुसऱ्या दिवशीही तसेच केले. हिवाळ्याचे ते कोवळे ऊन तासाभरात पेटीवरून सरकून जाते, हे मी पाहिले; परंतु 'तेवढे पुरे' असे म्हणून सोडून दिले.

चौथ्या दिवशी दुर्वासांनी अन्नाला तोंड लावले नाही. पाचव्या दिवशी ते डोळे मिटून पडून राहिले. अंगाचा रंग काळवंडला. नातवाने वही उलटसुलट पाहिली. सकाळचा आकडा बरोबर, दुपारी चारचा आकडा बरोबर. त्याने मला विचारले, "आजोबा, दिवसा दिवे चालू असतात ना?"

मी म्हणालो, "असतात की."

मुलांनो, हे दोन शब्द माझ्या तोंडून कसे गेले, ते मला आजही सांगता येत नाही. अज्ञानाने केलेली चूक त्या क्षणापर्यंत केवळ चूक होती. त्या दोन शब्दांनी ती लबाडी झाली.

संध्याकाळी आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी दुर्वासांचा जबडा आणि पाय हळुवार चाचपले, एकेक प्रश्न विचारला. नातवाने वही उघडून सर्व उत्तरे चोख दिली. बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या बोलल्या ते नातवाने मला मराठीत सांगितले, "त्या म्हणतात, घर बरोबर आहे, तरी हा आजारी आहे, म्हणजे रोग आत कुठेतरी असेल. रक्त काढून पाहावं लागेल. ते जंबुपार किरण मिळाले नाहीत, तर पिल्लांची हाडं मऊ पडतात. पण त्याला तर ते मिळतात."

'मऊ पडतात' हे शब्द कानावर आले आणि मी एकदम पन्नास-पंचावन्न वर्षे मागे गेलो. आमचे घर कृष्णेच्या काठी होते. मी नऊ-दहा वर्षांचा असताना नदीकाठी मला कासवाचे एक पिल्लू सापडले. मी ते घरी आणले आणि माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात एका मडक्यात ठेवले. रोज त्याला भाताची शिते घातली. त्याच्यावर माझा फार जीव होता. पुढे पुढे त्याची पाठ बोटाखाली दबू लागली, एखाद्या जुन्या पुठ्ठ्यासारखी, आणि एके सकाळी ते मेलेले आढळले. मी खूप रडलो. ते का मेले, हे मला कोणी सांगितले नाही. त्या दिवशी त्या परक्या दवाखान्यात मला ते कळले. ऊन नाही, योग्य अन्न नाही. माझी माया तेवढी होती. नदीतले कासव असे घरी आणून ठेवणे हा आपल्याकडे आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

बाईंनी सुई हाती घेतली होती. टेबलावर तो एवढासा जीव निपचित पडला होता. माझा हात आपोआप वर गेला, वर्गात मुलाने वर करावा तसा.

"थांब," मी नातवाला म्हणालो, "त्यांना सांग, दिवे दिवसा बंद असत. मी बंद करीत होतो. तू यायच्या आधी लावीत होतो. आणि मघाशी मी तुझ्याशी खोटे बोललो, तेही सांग."

नातू माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने बाईंकडे वळून माझे एकेक वाक्य इंग्रजीत सांगितले. त्यातले काहीही त्याने गाळले नाही, आणि काहीही वाढवले नाही. माझ्या चुकीची कबुली त्या मुलाच्या तोंडून परक्या भाषेत ऐकताना मला खाली पाहावेसे वाटले.

बाईंनी सुई परत ठेवली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितले, की आपले शरीर आपली ऊब आतून निर्माण करते. सरड्याला ती बाहेरून घ्यावी लागते. अंग तापल्याशिवाय त्याच्या पोटातले अन्नही पचत नाही. खिडकीच्या काचेचे म्हणाल, तर तिच्यातून उजेड येतो, पण ज्या किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि अन्नातले कॅल्शियम शरीराला लागू पडते, ते किरण काचेतच अडतात. डोळ्यांना ऊन दिसते. हाडांना मात्र ते पोहोचत नाही. चार-पाच दिवसांत हाडांचे काही बिघडलेले नव्हते, पण गारठ्याने पचन थांबले होते. औषध एकच : ऊब, पाणी आणि धीर.

घरी येताना मोटारीत कोणी बोलले नाही. रात्री निजण्यापूर्वी नातू माझ्याजवळ आला. "आजोबा, काचेचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, त्याचं काही नाही. पण मी विचारलं तेव्हा..." एवढेच बोलून तो थांबला. मी त्याचा हात हातात घेतला आणि त्याची क्षमा मागितली. पस्तीस वर्षांत हजारो मुलांनी माझी क्षमा मागितली होती. मुलाची क्षमा मागण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

तिसऱ्या दिवशी दुर्वासांनी डोळे उघडले. चौथ्या दिवशी त्यांनी एक रातकिडा पकडला, आणि आम्ही दोघेही एकदमच ओरडलो. त्यांचा गळा फुगून काळा झाला. मुनिवर्य कोपले, म्हणजे त्यांची प्रकृती सुधारली, असे आम्ही समजलो.

त्याच संध्याकाळी नातवाने वही आणून माझ्यापुढे ठेवली. सकाळ आणि संध्याकाळ या दोन रकान्यांच्या मध्ये त्याने पट्टीने आखून एक नवा रकाना काढला होता. त्याच्या माथ्यावर लिहिले होते, 'दुपार १२ : आजोबा'.

मी परत निघेपर्यंत एकही दिवस तो रकाना रिकामा राहिला नाही. रोज दुपारी बारा वाजता मी चश्मा लावून तापमापक वाचत असे आणि आकडा लिहून खाली सही करीत असे. त्या वेळी दोन्ही दिवे लागलेले असत. खोलीत दुर्वासांखेरीज कोणीही नसे. तरीही ती खोली रिकामी आहे, असे मला पुन्हा कधी वाटले नाही.