दहा हजार पायऱ्यांच्या खाली

एम.ई.च्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी, विंचूरला आलो, तो अर्धवट प्रोजेक्ट बरोबर घेऊनच. द्राक्षबागेत ४० ओलावा-सेन्सर लावायचे आणि त्यांचे निरोप एकाकडून दुसऱ्याकडे करत मोटारीच्या शेडपर्यंत पोचवायचे, अशी कल्पना. सेन्सर घ्यायला पैसे नव्हते, म्हणून बाग लॅपटॉपमध्येच उभी केली. निरोपांची ये-जा बघायला एनएस-३ हा सिम्युलेटर. आणि निरोपांचे नियम कुठे अडकतात का, हे तपासायला स्पिन, म्हणजे बेल लॅब्जमध्ये जेरार्ड होल्झमन यांनी घडवलेला मॉडेल-चेकर.

एनएस-३ दहा वेळा चालवलं. दहाही वेळा शेकडा ९४ निरोप पोचले, दशांशचिन्हापुढचे आकडेसुद्धा तेच. जेवताना मी आनंदाने आप्पांना सांगितलं. आप्पांचा जन्म बाजार समितीच्या उपबाजारात कांदा नेण्यात गेलेला. म्हणाले, "दहा ट्रॉल्यांचा माल असा हुबेहूब निघत नसतो. तू एकाच ट्रॉलीच्या एकाच कोपऱ्यातून दहादा मूठ भरली असशील."

तेच झालं होतं. दुसऱ्या कुणालाही तेच उत्तर पुन्हा काढता यावं, म्हणून एनएस-३ मध्ये यादृच्छिक आकड्यांचं बीज ठरलेलं असतं आणि 'आरएनजी-रन' हा पर्याय १ वर असतो. आपण तो बदलला नाही, तर प्रत्येक वेळी आकड्यांची तीच माळ ओढली जाते. मी तो १ ते १० असा बदलत गेलो. निरोप कधी ८१ टक्के पोचले, कधी ९६.

मग स्पिनबद्दलही शंका आली. त्याचा शेवटचा शब्द 'एरर्स: शून्य' होता, आणि तेवढाच मी वाचला होता. वर एक ओळ होती: शोधाची खोली अपुरी. वेगळं काही सांगितलं नाही, तर स्पिन १०,००० पायऱ्यांपर्यंतच उतरतो. ती मर्यादा 'मायनस एम' ने वाढवली, तर मेमरी संपली. मेमरी वाचवणारा 'कोलॅप्स' हा पर्याय मात्र चालवताना देता येत नाही, तो सी कंपायलरला द्यावा लागतो. कुठला पर्याय कुठल्या टप्प्यावर द्यायचा, हे उमगायला माझे दोन दिवस गेले. 'बिटस्टेट' ने काम झटकन झालं असतं, पण त्यात काही अवस्था निसटू शकतात. मला तर एकही निसटायला नको होती.

तिसऱ्या रात्री चूक सापडली. दोन शेजारी सेन्सरांचे बफर एकमेकांसाठीच्या निरोपांनी भरलेले. पोच मिळाल्याशिवाय जागा होत नाही, आणि जागा नसल्याने पोच घेता येत नाही. दोघे कायमचे गप्प. तिथवर जाणारी वाट चौदा हजारांहून जास्त पायऱ्यांची निघाली. मग 'रीच' हा पर्याय लावून कंपाइल केलं, 'मायनस आय' देऊन सर्वांत छोटी वाट मागितली, तर ती फक्त ६३ पायऱ्यांची! म्हणजे चूक खोल नव्हतीच. स्पिन आधी तळाशी जातो. 'रीच' नसेल, तर मर्यादेच्या काठावर भेटलेल्या अवस्थेवर तो 'पाहिली' अशी खूण करतो, आणि पुढे तीच अवस्था जवळच्या वाटेने आली, तरी तिच्यापुढे काय आहे ते बघत नाही. हे मला फार अस्वस्थ करून गेलं.

पोचेसाठी प्रत्येक सेन्सरमध्ये एक वेगळी जागा राखली. पुन्हा सगळं चालवलं. प्रोजेक्टच्या अहवालात निकालाच्या तक्त्याआधी एक पान घातलं: आरएनजी-रन १ ते १०, खोलीची मर्यादा, कोलॅप्स, रीच, लॅपटॉपची मेमरी. गाइडसरांनी ते पान परिशिष्टात न्यायला सांगितलं. मी विनंती करून ते जागेवरच ठेवलं.