ओव्हल मैदानावरील दोन युगें

अंबरनाथेस एकीकडे इ. स. १०६० चें शिलाहारकालीन शिवमंदिर, तर दुसरीकडे औद्योगिक वसाहत. म्हणून जुन्यानव्याचा शेजार आम्हां अंबरनाथकरांस अपरिचित नाहीं. परंतु तो देखणा कसा होतो हें ज्यांस पाहावयाचें आहे, त्या छायाचित्रणप्रेमी वाचकांनीं मुंबईचें ओव्हल मैदान अवश्य पाहावें. मध्य रेल्वेनें छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून तेथवर पायीं जातां येतें.

मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय, विद्यापीठ व १८७८ सालीं पूर्ण झालेला राजाबाई मनोरा. पश्चिमेस समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर मुख्यतः १९३० च्या दशकांत उभीं राहिलेलीं सिमेंट-काँक्रीटचीं घरें. तिकडे टोकदार कमानी व कोरीव पाषाण; इकडे गोलाई दिलेले सज्जे, आडव्या रेषा व रेखीव छज्जे. उत्तरेस १९३८ चें ईरॉस चित्रपटगृह.

सकाळचें ऊन नव्या घरांच्या दर्शनी भागावर पडतें, उतरत्या दुपारचें मनोऱ्यावर. तेव्हां दोहोंस न्याय द्यावयाचा तर दोन वेळां जावें. पुष्कळजण केवळ मनोरा टिपून परततात. पण २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला, तो दोन्ही बाजूंस मिळून.

अंबरनाथचें देऊळही एके काळीं नवेंच होतें. घडविणाऱ्यानें जीव ओतला असेल, तर काळ नव्यासही जुन्याच्या पंक्तीस बसवितो. आज आपण आपापल्या गांवीं जें बांधीत आहों, त्याचें छायाचित्र शंभर वर्षांनीं कोणी आवडीनें घेईल काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.