चेंबरमधील काडतूस

२००८ साली बंगळुराचा नवा विमानतळ देवनहळ्ळीस झाला. तेव्हापासून टिपूचे हे जन्मगाव आम्हां परमुलखातील मराठी चाकरमान्यांच्या नित्य वाटेवर आले; किल्ला मात्र पाहावयाचा राहूनच जातो. त्या पहाटे आम्ही सपत्नीक नागपूरला निघालो होतो. बरोबर नातवासाठी येथली दोन पपनसे होती, आणि पेटीत परवान्याचे .३२ बोअरचे पिस्तूल.

नोकरीत असताना एका प्रकरणात आम्हांस धमकीची पत्रे आली होती. पत्रे थांबली, पुढे पेन्शनही सुरू झाली. कमरेचे ते वजन मात्र सुटले नाही. शिवाय पिस्तूल बाळगावयाचे तर काडतूस चेंबरमध्ये चढवूनच, असा आमचा आग्रह. ऐन वेळी स्लाइड ओढावयास दोन्ही हात मोकळे असतील कशावरून? चाप पुरता झाकणारे ताठ चामड्याचे होल्स्टर हवे. खिशात किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी पिस्तूल टाकू नये. हातून निसटले तर झेलू नये, कारण झेलताना बोट नेमके चापावर जाते. खटक्यावर तर विसंबूच नये. टिपूच्या काळी घोडा अर्ध्यावर अडकवून भरलेले पिस्तूल बाळगीत, आणि ती खाच झिजली की घोडा आपणहून पडे! हे सारे आम्ही मित्रमंडळींत मोठ्या अधिकाराने सांगत असू. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेले असावे लागते, हेही आम्हांस तोंडपाठ. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत नट गोविंदा पहाटे कलकत्त्यास निघण्याच्या तयारीत असताना स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात शिरली. ती बातमी वाचून आम्ही चहाचा पेला हाती धरून काय काय बोललो, ते आता आठवू नये हेच बरे.

विमानात हत्यार अंगावर चालत नाही. रिकामे करून, नोंदवून सामानात द्यावे लागते. त्याप्रमाणे आदल्या रात्री आम्ही स्लाइड ओढली, काडतूस बाहेर उडाले, मग मॅगझीन काढले आणि समाधानाने झोपलो.

विमानतळावरील अंमलदाराने स्लाइड मागे ओढली, तो टेबलावर आणखी एक काडतूस पडले आणि घरंगळत पपनसांच्या पिशवीस टेकले.

क्रम चुकला होता. मॅगझीन आधी काढावयाचे, स्लाइड मागाहून ओढावयाची; उलट केले की एक काडतूस बाहेर पडते आणि मॅगझीनमधले दुसरे त्याची जागा घेते. बाहेर पडलेले तेवढे आम्ही पाहिले, चेंबरमध्ये डोकावून पाहिले नाही.

जाबजबाब झाले, कागद झाले. विमान अर्थातच आमच्यावाचून गेले. बाकावर बसल्यावर सौभाग्यवती बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अहो, काल रात्री ते टॉवेलात गुंडाळून मीच पेटीत दाबून बसवलं. तेव्हा ते भरलेलं होतं?"

आम्ही "होय" म्हणालो. त्या पपनसांची पिशवी मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

परतल्यावर पिस्तूल व परवाना दोन्ही जमा करण्याचा अर्ज लिहावयास घेतला. उभा जन्म अर्ज लिहिण्यात गेला, तरी कारण काय लिहावे हे सुचेना. शेवटी "आवश्यकता उरलेली नाही" असे लिहून खाली सही केली.