आबशार

उर्दूत धबधब्याला 'आबशार' म्हणतात. नुसता उच्चारला तरी कानाला गारवा लागावा, असा हा शब्द. गेली अकरा वर्षे आम्ही तो फळ्यावर लिहितो. मुली तो वहीत उतरवून घेतात, पुढे 'पहाड से गिरने वाला पानी' असा माना लिहितात आणि वही मिटतात. आबशार पाहिलेली मुलगी मात्र वर्गात एकही नसते. खरे सांगायचे तर पस्तिशी ओलांडेपर्यंत आम्हीही जवळून पाहिला नव्हता.

आम्ही 'आम्ही' लिहितो म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. घरात 'हम' म्हणतच वाढलो. बी.एड.ला मराठीत निबंध लिहायची वेळ आली तेव्हाही 'मी' लेखणीतून उतरला नाही, तो आजतागायत नाही.

गोष्ट 2022 सालच्या डिसेंबरातली. नववीला भूगोलात विदारण शिकवत होतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आंबट होते आणि चुनखडक विरघळवत खाली जाते, असे सांगून झाले. एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आपा, पानी पत्थर खाता है तो फिर उगलता कहां?"

प्रश्न विचारणारी मुलगी एरवी तोंड उघडत नसे. तिचे नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे कळेल. आम्ही सांगितले, झऱ्यातून बाहेर येताना उगळते. चुनखडीच्या धबधब्यावर पाणी आपटते, फुटते, त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना दगडांवर, काटक्यांवर, पानांवर थराथराने बसतो. इतर धबधबे दगड झिजवतात, हा दगड वाढवतो. मोबाइलवर दोन चित्रे दाखवली. एक थायलंडमध्ये चिआंग माईजवळच्या बुआ तोंग धबधब्याचे. तिथे चुन्याच्या खरखरीत थरामुळे पाय घसरत नाही, लोक वाहत्या पाण्यातून सरळ वर चालत जातात. दुसरे जमैकातल्या डन्स रिव्हरचे. तो सुमारे 180 फूट उंच, समुद्राला जाऊन मिळणारा. तिथे गाइड पुढे असतो आणि त्याच्यामागे अनोळखी माणसे, बायका-पुरुष, एकमेकांचे हात धरून साखळीने चढतात.

हात धरलेले पाहून वर्गात खसखस पिकली. हसे ओसरल्यावर तीच मुलगी म्हणाली, "आपा, अपन भी जाएंगे क्या?"

आता सांगली-साताऱ्याला चुनखडीचा धबधबा कुठून आणायचा? आपला सगळा डोंगर काळ्या कातळाचा. चुना आपल्याकडे सापडतो तो कृष्णाकाठच्या काळ्या रानात, नांगराला लागणाऱ्या पांढऱ्या खड्यांच्या रूपात. तेच भाजून जुन्या वाड्यांचा चुना व्हायचा. मग ठरवले, चुन्याचा नाही तर नाही, काळ्या दगडाचा आबशार पाहू. साताऱ्याजवळ कासच्या पठाराला लागून भांबवली गाव आहे, तिथला वजराई. तीन टप्प्यांत कोसळणारा, उंची 1840 फूट सांगतात. शिवाय तिथली उरमोडी पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा आमच्या दारावरून जाते. म्हणजे आपलेच पाणी पाहायला जायचे.

मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला. 2016 साली मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून पाण्याच्या ठिकाणी शाळेची सहल न्यायला कुणी धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून शाळेच्या नावावर नाही, तर आमच्या स्वतःच्या जबाबदारीवर, रविवारी, भाड्याच्या ट्रॅव्हलरने जायचे ठरले. नऊ मुली, दोन आपा, दोन आया. पाऊस संपलेला, पाणी ओसरलेले, गावचा वाटाड्या सोबत. सकाळी निघून दुपारपर्यंत पाहून परत.

आठ घरांतून इजाजत मिळाली. नववे घर त्या प्रश्न विचारणारीचे.

तिचे वडील फळांचा गाडा लावतात. शाळेत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी त्यांच्या घरात पोटमाळ्यापर्यंत चढले होते. तीन मुलांना आणि म्हाताऱ्या आईला नावेतून काढावे लागले होते. "आपा, पानी का भरोसा नहीं," एवढेच बराच वेळ म्हणत राहिले. मग खरे बोलले. मुलीसाठी एका घरून विचारणा झाली होती. अजून काही पक्के नव्हते, पण लोक बघत असतात. नववीतल्या मुलीची विचारणा ऐकून आमच्या पोटात गोळा आला, पण तो झगडा दुसऱ्या दिवसाचा होता. त्या दिवशी फक्त सहलीचे बोलायचे, असे स्वतःला बजावले.

"भेजता हूं," ते म्हणाले. "लेकिन किसी गैर मर्द का हाथ नहीं लगना चाहिए. आप जबान देते?"

आम्ही जबान दिली. इतक्या पटकन दिली की नंतर आठवून लाज वाटली. पण आम्हीही नववीत असताना पन्हाळ्याच्या सहलीचे पैसे भरले होते आणि अब्बांनी आदल्या रात्री 'नक्को' म्हटले होते. पैसे परत मिळाले. एस.टी. शाळेतून निघाल्याचा आवाज घरात बसून ऐकला. तो आवाज डोक्यात असलेल्या माणसाकडून कुणी काहीही कबूल करून घ्यावे.

फजर पढून निघालो. आष्टा, पेठ नाका, कराड करत साताऱ्याला पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. यवतेश्वरचा घाट लागला तशा दोघी-तिघींना उलट्या झाल्या. कासचे पठार 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर. पण डिसेंबरात तिथे काय असणार? वाळलेले गवत आणि वारा. "फूल कहां हैं आपा?" असे विचारून मुलींनी हैराण केले. फुले ऑगस्ट-सप्टेंबरात येतात हे सांगितले, तरी फसवणूक झाल्याची कळा काही चेहऱ्यावरून गेली नाही.

भांबवलीत वाटाड्या आला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, हातात वेळूची काठी, पायात रबरी बूट. बुरखे पाहून जरासा बिचकला. मग म्हणाला, "ताई, ह्यो घोळ वर खोचून घ्या, न्हाय तर पायात येतोय." आयांनी एकमेकींकडे पाहिले आणि खोचला. पोरीही मग सुटल्या. रानातली पायवाट, करवंदीच्या जाळ्या, मध्येच गर्द सावली आणि थंडी. मुलींचे मराठी बेताचे, त्याला उर्दू ठाऊक नाही, त्यामुळे आम्ही दुभाषे. पण थोड्या वेळाने आमची गरज उरली नाही. 'कातळ' आणि 'निसरडं' हे दोन शब्द मुली अशा पक्के शिकल्या, की अकरा वर्षांत आमच्याकडून एकही शब्द तसा शिकल्या नसतील.

शेवटचा टप्पा ओढ्यातल्या धोंड्यांवरून वर चढायचा होता. तिथे थांबून आम्ही शिक्षकाची हौस भागवून घेतली. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, निवला, त्यावर पुन्हा वाहिला. एक थर कठीण, एक ठिसूळ. ठिसूळ आधी झिजतो, कठीण तसाच उभा राहतो, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. इंग्रजीत या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तेही पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून. वाटाड्याही मन लावून ऐकत होता. मग खाली वाकून त्याने पांढरे ठिपके असलेला एक काळा दगड मुलींना दिला. "ह्यात बी पांढरं असतंय की." काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अशी पांढरी खनिजे भरतात, कधी कधी त्यात चुन्याचेच खनिज, कॅल्साइट असते. आमच्या त्या विद्यार्थिनीने दगड ओढणीच्या टोकात बांधला.

"काळं चमकतंय तिथं पाय नगा टाकू," वाटाड्या म्हणाला. "कोरडं बघून चाला." चित्रातल्या चुनखडीवर पाणीच पायाला धर देते. इथे पाणी लागले की त्या कातळावर बुळबुळीत शेवाळ. पहिल्याच मोठ्या धोंड्यावर तो चढला, वळला आणि आमच्यापुढे हात केला.

आम्ही तो हात पाहिला. मागे नऊ मुली उभ्या होत्या. एक क्षणच असेल, पण त्या एका क्षणात त्या पोराला सगळे कळले. त्याने हात मागे घेतला आणि काठीचे टोक पुढे केले. काहीच बोलला नाही. आम्ही काठी धरली, आमचा दुसरा हात आईने धरला, आईचा मुलीने, मुलीचा दुसरीने. जमैकासारखीच साखळी झाली, फक्त पहिल्या दोन माणसांमध्ये हातभर वेळू.

असे करत पायथ्याशी गेलो. पाणी बारीक होते, दुधाचे नव्हे, ताकाचे म्हणावे असे. पण वरून सुटलेले ते पाणी खाली येईपर्यंत वाऱ्यावर हलते, मध्येच विरते, पुन्हा जुळते. मुली बराच वेळ नुसत्या माना वर करून उभ्या होत्या. मग एकजण मोठ्याने ओरडली, "आबशार!" आणि सगळ्या ओरडू लागल्या. वाटाड्याने विचारले, "काय म्हणत्यात?" आम्ही म्हणालो, धबधबा म्हणताहेत. "मग एवढं वरडायचं कशापायी?" तो हसला. तिथेच वजू केला. पाण्याने हाडे गोठली. पश्चिम कुठली असे विचारताच त्याने अचूक हात दाखवला आणि आमच्याकडे पाठ करून लांब जाऊन बसला. सातारच्या रानात आम्ही जोहर पढलो.

उतरताना झाले. चढताना माणूस भितो, उतरताना बोलत असतो. ती मुलगी ओढणीतला दगड सांभाळत होती, पाय चमकत्या काळ्यावर पडला आणि साखळीतला हात सुटला. खाली दोन पुरुष खोल, दगडांनी भरलेली घळ. आम्ही ओरडलोही नाही, आवाजच फुटला नाही. वाटाड्याने काठी फेकली आणि तिचे मनगट धरले. पूर्ण पंजाने, घट्ट. तिला ओढून कोरड्या दगडावर बसवले आणि लगेच हात सोडून दोन पावले मागे सरला. "माफ करा ताई," म्हणाला. कुणाची माफी मागत होता, देव जाणे. मुलगी थरथरत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "शुक्रिया, भाऊ."

परतीच्या गाडीत कऱ्हाडपर्यंत कुणी बोलेना. मग एक आई हळूच म्हणाली, "आपा, किसीकू बताने की क्या जरूरत?" दुसरी म्हणाली, लड़की का मामला है. मुलींनी माना डोलावल्या. आम्हीही गप्प राहिलो. रोज सकाळी वर्गात खरे बोलण्याचे धडे देणाऱ्या आम्ही त्या गाडीत खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या मोजत बसलो. सांगायचे असे ठरवले नव्हते, न सांगायचे असेही ठरवले नव्हते. जबान आमची मोडली होती आणि झाकायला सांगितले जात होते त्या पोरीला.

रात्री शाळेच्या फाटकाशी वडील उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहून विचारले, "सब ठीक?" आम्ही घसा खाकरला. तेवढ्यात तीच बोलली, "अब्बा, मेरा पांव फिसला. गिरतेच थी. गाइड ने हाथ पकड़कू खींचा."

"कौन था?"

"गांव का था."

"लगा तो नहीं तेरेकू?"

"नक्को, कुछ नहीं लगा."

त्यांनी तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आपा, आपने जबान दी थी."

"दी थी," आम्ही म्हणालो. पुढचे वाक्य तयार होते. हात लागला नसता तर आज तुम्ही इथे नव्हे, सातारच्या सरकारी दवाखान्यात उभे असता. पण ते तोंडातून निघाले नाही. जबान देताना तरी ते कुठे सांगितले होते?

त्यानंतर वर्षभर ते आमच्याशी बोलले नाहीत. गाड्यावर गेलो तर फळे नीट तोलून द्यायचे, वर पाहायचे नाहीत. त्या विचारणेचे काय झाले ते आम्ही विचारले नाही. मुलगी दहावीला आली एवढे खरे. तो दगड तिने प्रयोगशाळेत नेला. विज्ञानाच्या सरांनी पांढऱ्या ठिपक्यावर सौम्य आम्लाचा थेंब सोडला, तेव्हा बारीक बुडबुडे आले म्हणे. चार दिवस शाळाभर तेच सांगत फिरत होती.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा यादी केली. तिची धाकटी बहीण आठवीत. तिचे नाव आम्ही मुद्दाम विचारले नाही. शनिवारी शाळा सुटताना वडील आले, या वेळीही खुर्चीवर बसले नाहीत. शर्टाच्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या. आम्ही यादीत नाव लिहिले आणि अट ऐकायला तयार होऊन वर पाहिले.

"आपा," ते म्हणाले, "गाइड वहीच रहेगा ना?"