कल्पाच्या संख्येत सात नाही

माहूरच्या गडावर रेणुकेच्या पूजेला बसलेला यजमान हातावरून पाणी सोडतो, त्यापूर्वी गुरुजी त्याच्याकडून काळ आणि स्थळ वदवून घेतात. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युगचतुष्क, कलियुगाचा प्रथम चरण. आणि गोदावरीचा उत्तर तीर. यजमानाचे लक्ष बहुधा नैवेद्याकडे असते. पण त्या चार शब्दांमागे एक अवाढव्य संख्या उभी आहे : ४,३२,००,००,०००. एका कल्पाची ही वर्षे.

ही संख्या फोडली तर केवळ तीन मूळसंख्या हाती लागतात. २ अकरा वेळा, ३ तीन वेळा आणि ५ सात वेळा. तिचे विभाजक भरतात ३८४. ज्योतिषाला अशीच संख्या हवी असते, कारण ती भराभर छेद देते. आर्यभटाच्या मानाने ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात १,५७,७९,१७,५०० दिवस येतात. दोन्ही संख्यांना ७,५०० ने भाग गेला की उरतात ५७६ वर्षे आणि २,१०,३८९ दिवस. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने सूर्यासाठी हीच जोडी वापरली. ज्यांना आता समान विभाजक उरला नाही, अशा संख्यांना जुने गणिती ‘दृढ’ म्हणत. शब्द किती नेमका आहे!

मराठवाड्याला ही विद्या परकी नव्हती. त्याच गोदेच्या उत्तरेस, माहूरच्या नैर्ऋत्येला असलेले पाथरी म्हणजे जुने पार्थपूर. तेथील ज्ञानराजाने शके १४२५ (इ.स. १५०३) हे वर्ष आधारास घेऊन ‘सिद्धान्तसुंदर’ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास याने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर आणि १५४१ मध्ये ‘लीलावती’वर टीका लिहिली.

आता अडचण. स्मृती-पुराणांनी कल्पात चौदा मनू सांगितले. चौदा म्हणजे दोन गुणिले सात. आणि सात हा अवयव कल्पाच्या संख्येत कोठेच नाही. हजार महायुगे चौदा जणांत सारखी वाटता येत नाहीत. म्हणून प्रत्येक मनूला ७१ महायुगे दिली. झाली ९९४. उरलेल्या सहांचे काय? मन्वंतरांच्या आधी, मध्ये आणि शेवटी मिळून पंधरा संधी मानल्या, प्रत्येक कृतयुगाएवढी, १७,२८,००० वर्षांची. पंधरा संधींची बेरीज बरोबर सहा महायुगे होते. या चातुर्याला दाद द्यावीच लागते.

आर्यभटाने मात्र इ.स. ४९९ मध्ये संधी सांभाळल्या नाहीत. त्याने मनूला ७२ महायुगे दिली आणि कल्प १,००८ महायुगांचा केला. १,००८ ला सातने नि:शेष भाग जातो. परिणामी त्याच्या कल्पातील एकूण दिवसांनाही सातने भाग जातो, आणि कल्प ज्या वारी सुरू होतो, त्याच वारी तेवढ्या काळानंतरची गणना पुन्हा सुरू होते. ब्रह्मगुप्ताच्या कल्पात १५,७७,९१,६४,५०,००० दिवस आहेत. सातने भागता बाकी दोन. त्याचा कल्प रविवारी आरंभतो, म्हणजे तो संपल्यावरचा पहिला वार मंगळवार.

आर्यभटाने युगाचे चार पादही समान केले, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे. स्मृतीत त्यांचे प्रमाण ४ : ३ : २ : १ असे आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त त्याला स्मृतिविरोधी ठरवून फटकारले. मुद्दा भागाकाराचा होता, आरोप मात्र परंपरा मोडल्याचा. पुढे भास्कराचार्यांनी कल्पासाठी ब्रह्मगुप्ताचीच संख्या स्वीकारली.

गंमत अशी, की माहूरचा संकल्प दोन्ही मतांना चालतो. आर्यभटाच्या हिशेबानेही सातवा मनू आणि अठ्ठाविसावे युगच चालू आहे. मात्र कलियुगाच्या आरंभापर्यंत त्याच्या मते १,९८,६१,२०,००० वर्षे सरली होती, तर स्मृतिमताने १,९७,२९,४४,०००. दोहोंतील फरक १,३१,७६,००० वर्षांचा.