डावीकडचा उंचवटा

हेपरिनच्या एनएमआर स्पेक्ट्रममध्ये २.०४ पीपीएमला ॲसिटिलचं उंच पीक उभं राहतं. त्याच्या डावीकडे, २.१५ला, एक बारीक उंचवटा असतो. माझी निम्मी नोकरी त्या उंचवट्यापाशी गेली.

२००८ साली अमेरिकेत रक्त गोठू न देणारं हेपरिन टोचताच डायलिसिसच्या रुग्णांचे रक्तदाब कोसळू लागले, माणसं दगावली. डुकराच्या आतड्यांपासून केलेल्या चिनी मालात ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट निघालं. तेही रक्त गोठू देत नाही, म्हणून मेंढीच्या प्लाझ्मावरच्या चाचणीत माल बिनबोभाट पास होत होता. मिसळणाऱ्याला आमची चाचणी पाठ होती, याची चीड मला अजून येते. त्याच वर्षी दुधातल्या मेलामाइननेही नायट्रोजन मोजणाऱ्यांना असंच फसवलं.

हेपरिनमधली ती भेसळ दिसते २.१५ला. आणि नेमका तिथंच हेपरिनचा स्वतःचा कार्बन-१३चा सॅटेलाइट, म्हणजे ॲसिटिलच्या पीकचं उपपीक, येतो. आमच्या ६०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर तर त्याच्यावरच येऊन बसतो. उंची मुख्य पीकच्या जेमतेम अर्धा टक्का. भरघोस भेसळ लपत नाही, पण चिमूटभर असेल तर तेवढा आडोसा तिला पुरतो.

संगणकाने ‘पास’ म्हटलं की सही ठोकणारे विश्लेषक मला कधी आवडले नाहीत. मी बेसलाइन डोळ्यांनी वाचतो, हा माझा तोरा. नवी पोरं माझ्याभोवती उभी राहून ऐकत, ते मला फार आवडायचं.

गेल्या महिन्यात एका बॅचवर मी म्हटलं, “सॅटेलाइट आहे, पुढे चला.” वर्षभरापूर्वी आलेली मुलगी हलली नाही. “सर, सॅटेलाइट जोडीनं येतात. उजवीकडचा १.९४चा बुटका आहे.”

“अगं, बेसलाइन कललीय,” मी म्हणालो. चष्मा पुसला. खरं तर मला दोन्ही सारखेच दिसत होते.

तिने सॅटेलाइट पुसून टाकणारं कार्बन डिकपलिंग लावून तीच ट्यूब पुन्हा घातली. उजवीकडचा उंचवटा सपाट झाला. डावीकडचा निम्म्याने उतरला आणि तिथंच राहिला.

बॅच रोखली. कुणी मला काही बोललं नाही. ती तर माझ्याकडे बघायचंही टाळत होती.

त्या संध्याकाळी मी माझ्या सहीचे जुने छापील स्पेक्ट्रम कपाटातून काढले. हल्ली रोज सगळे गेले की पट्टी घेऊन बसतो. आधी डावा मोजतो, मग उजवा.