पिकलेलं खातं

पीपीएफचं खातं अखेर पिकलं. म्हणायला पंधरा वर्षं. पण खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यावर मोजणी सुरू होते, त्यामुळे सोळाच्या आसपास जातात. योजना १९६८ सालची. चारचौघांत फुशारकी मारावी असं तिच्यात काही नाही. २०१३-१४ मध्ये व्याज ८.७ टक्के होतं, एप्रिल २०२० पासून ७.१ वर येऊन बसलंय.

मेव्हणा म्हणतो, "दाजी, पैसे काढा आणि तळेगावला फ्लॅट बुक करा." त्याचं चुकत नसेलही. पण फ्लॅट म्हणजे हप्ता, आणि हप्ता म्हणजे साहेबांपुढे झुकलेली मान. आज ऑफिसात एखाद्या नको त्या कामाला मी 'नाही' म्हणू शकतो, ते या खात्याच्या जोरावर. करमुक्त व्याजाचा हिशेब कुणीही मांडेल. त्या 'नाही'ची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

हिचं म्हणणं, लेकीच्या शिक्षणापुरते काढावेत, बाकीचे राहू द्यावेत. मुदतवाढ पाच वर्षांची मिळते. भर घालत राहिलं तरी त्या काळात सुरुवातीच्या शिलकेच्या साठ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. म्हणजे दोन्ही साधतं. ७२ ला ७.१ ने भागलं की साधारण दहा येतात: दहा वर्षांत दुप्पट. महागाई त्यातलं किती खाईल, हे मात्र हा भागाकार सांगत नाही.

मुदतवाढीचा अर्ज वर्षभरात दिला तरी चालतो. तरी सोमवारीच पोस्टात जाईन. मेव्हणा रविवारी जेवायला येतोय; त्याला तेव्हा सांगू, जेवण झाल्यावर.